'रिव्हॉल्व्हर'ची साठ वर्षं: श्रवणसत्राच्या तयारीच्या नोंदी

२८ मार्च २०२६

सत्राचा आराखडा आज ठरला. बीटल्स या इंग्लिश चौकडीचा 'रिव्हॉल्व्हर' हा एलपी ब्रिटनमध्ये ५ ऑगस्ट १९६६ रोजी बाजारात आला. यंदा त्याला साठ वर्षं होतात. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या श्रवणमंडळात तो अख्खा ऐकवायचा, आणि तो कसा घडला हे स्पूल-टेपवर हातानं करून दाखवायचं. समोर लॅपटॉपवर गाणी बांधणारी मुलंमुली बरीच असतील. त्यांच्याकडे हवे तितके ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज सुटे ठेवायच्या पट्ट्या, असतात आणि केलेलं काम केव्हाही मागे घेता येतं. बीटल्सच्या ॲबी रोड स्टुडिओत तेव्हा चारच ट्रॅक होते आणि एकदा केलेलं बरंचसं कायमचं असायचं. या एलपीतला जिवंतपणा त्या अडचणीतून आलाय असं मला ठामपणे वाटतं. सत्रात एवढं कानांना पटवायचं आहे.

गाणी एलपीच्या क्रमानं नाही, मुद्रणाच्या क्रमानं घ्यायची. एलपीवर सगळ्यात शेवटी येणारं 'टुमॉरो नेव्हर नोज' त्यांनी सगळ्यात आधी केलं. म्हणजे एलपीचं सगळ्यात धाडसी पाऊल पहिल्याच दिवशी पडलं होतं, आणि पुढची सगळी गाणी त्या दिवसाच्या हिमतीवर उभी आहेत. एलपीच्या क्रमात हे कळतच नाही.

पार्श्वभूमीला पाच मिनिटं पुरेत. १९६६च्या सुरुवातीला एका चित्रपटाचा बेत रद्द झाला आणि चौघांना तीन महिन्यांची मोकळीक मिळाली. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत जाऊन मुद्रण करायचा विचार झाला, तोही बारगळला. मग लंडनमधला नेहमीचाच ईएमआय कंपनीचा ॲबी रोडचा स्टुडिओ, ६ एप्रिल ते २१ जून. पहिल्या एलपीतली दहा गाणी याच लोकांनी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात उरकली होती, हे मात्र आवर्जून सांगायचं.

६ एप्रिल

आजच्या तारखेला, साठ वर्षांपूर्वी, तिसऱ्या क्रमांकाच्या स्टुडिओत 'टुमॉरो नेव्हर नोज'ची 'मार्क वन' अशा कामचलाऊ नावानं सुरुवात झाली. निर्माते जॉर्ज मार्टिन होतेच, पण ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीत नवा मुलगा होता. आधीचे नॉर्मन स्मिथ बढती मिळून निर्माते झाले होते आणि त्यांच्या जागी वीस वर्षांचा जेफ एमरिक आला होता. सोळाव्या वर्षी ईएमआयमध्ये नोकरीला लागलेला.

मायक्रोफोन ड्रमच्या फार जवळ नेऊ नये, असा ईएमआयचा नियम होता. एमरिकनं तो मोडला. मायक्रोफोन बेस-ड्रमच्या अगदी तोंडाशी नेला, ड्रमच्या पोटात एक लोकरी स्वेटर कोंबला आणि येणारा आवाज फेअरचाइल्ड ६६० या लिमिटरमधून दाबून घेतला. लिमिटर म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ लागला की त्याला खाली दाबणारं यंत्र. दाबल्यावर मूळ ठोक्याचं टोक बोथट होतं आणि ठोक्यामागून येणारा घुमारा फुगून पुढे येतो. रिंगो स्टारचे ते ठोके छातीवर आल्यासारखे वाटतात ते यामुळे. शिवाय रिंगो ते ठेका न बदलता, एकाच लयीत वाजवत राहतो. याचं श्रेय यंत्राला नाही, त्याच्या मनगटाला.

प्रात्यक्षिकासाठी ढोल वापरून पाहिला. आत जुनी शाल कोंबून, मायक्रोफोन चामड्यापासून वीतभर अंतरावर. शालीसकट आणि शालीविना असे दोन्ही आवाज घेतले आहेत. फरक हॉलच्या शेवटच्या रांगेतही कळेल.

७ एप्रिल

आजचा दिवस टेप-लूप्सचा, म्हणजे टोकं जोडून गोल फिरवलेल्या टेपच्या वेटोळ्यांचा, आणि सत्रातला सगळ्यात मोठा भाग हाच असणार.

पॉल मॅकार्टनीच्या घरी ब्रेनेल कंपनीचा टेपरेकॉर्डर होता. त्याचं पुसणारं हेड, म्हणजे टेपवरचा आधीचा आवाज पुसणारा भाग, काढून टाकलं की टेप फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत नवा आवाज जुन्यावर चढत जातो. शेवटी टेपला आणखी काही सोसेनासं होतं आणि आवाज फाटून वेगळाच रंग धरतो. असे तुकडे जोडून केलेली वेटोळी तो पिशवीत घालून स्टुडिओत घेऊन आला. गाण्यात वापरली गेली ती पाच. समुद्रपक्ष्याच्या ओरडण्यासारखं वाटणारं वेटोळं म्हणजे वेग वाढवलेलं माणसाचं हसू आहे. बाकीच्यांत वाद्यवृंदाचा एक धरलेला स्वरमेळ, मेलोट्रॉन या टेपवरचे आवाज वाजवणाऱ्या कळपट्टीच्या वाद्यावरची बासरी, मेलोट्रॉनवरचीच तंतुवाद्यं आणि सतारीसारखा एक तुकडा.

पाच वेटोळ्यांना पाच यंत्रं लागली. ती एका खोलीत नव्हती, इमारतभर पसरलेली होती. प्रत्येक यंत्रापाशी एकेक तंत्रज्ञ कोट घालून उभा, हातात पेन्सिल, पेन्सिलीभोवती टेपचा ताण सांभाळलेला. सगळे आवाज वायरींनी नियंत्रण कक्षात आलेले, आणि तिथे हात फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्यांवर. कोणतं वेटोळं केव्हा वर येईल, केव्हा बुडेल, हे त्या क्षणी ठरत गेलं आणि थेट चार ट्रॅकच्या टेपवर उतरलं. नंतर त्यात बदल करायची सोय नव्हती.

आमच्या रेकॉर्डरचा वेग सेकंदाला साडेसात इंच. व्यावसायिक यंत्रं पंधरा इंचांनी, म्हणजे सेकंदाला ३८ सेंटिमीटरनं चालत. त्या वेगाला सहा सेकंदांचं वेटोळं करायचं तर टेप सव्वादोन मीटरपेक्षा जास्त लागते. हिशेब फळ्यावर मांडला की पेन्सिल धरणारा माणूस का लागतो, ते आपोआप समजतं.

आकाशवाणीतून निवृत्त झालेले काका दुपारी आले. आयुष्यभर ब्लेडनं टेप कापलेला माणूस. त्यांनी मला आधी जोड शिकवला: टेप सरळ कापायची नाही, तिरकी कापायची, म्हणजे जोड हेडवरून जाताना 'टक्' असा आवाज येत नाही. "आणि ब्लेडला चुंबक लागू देऊ नकोस हं," म्हणाले, "नाहीतर कापलेल्या जागी टेपवर कायमची खरखर बसेल." त्यांच्या हाताखाली आमची वेटोळी तयार झाली. तंबोरा, काचेच्या वाटीवर फिरवलेलं ओलं बोट, आणि माझ्या भाचीचं हसणं दुप्पट वेगानं. ते हसणं ऐकताच काका म्हणाले, "अगं, हे तर पाखरूच झालं!"

९ एप्रिल

रेकॉर्डरचा पट्टा सैल पडून वेग डगमगत होता. नवा घातला. तंबोऱ्याचं वेटोळं आता स्थिर फिरतंय. 'टुमॉरो नेव्हर नोज'चं आणखी एक काम: जॉन लेननचा आवाज. दलाई लामा डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणतायत तसं ऐकू यावं, अशी त्याची मागणी होती. हॅमंड ऑर्गनसोबत लेस्ली नावाचा फिरणाऱ्या कर्ण्याचा स्पीकर येतो. लेननचा आवाज त्या कर्ण्यातून सोडला आणि पुन्हा मायक्रोफोननं उचलला. गाण्याच्या उत्तरार्धात तो ऐकू येतो. आमच्याकडे लेस्ली नाही. पूर्वार्ध आणि उत्तरार्धातली एकेक ओळ लागोपाठ ऐकवली की पुरे.

११ एप्रिल

'लव्ह यू टू'. आज तबल्याचे सर घरी आले होते. त्यांना गाणं आधी न सांगता ऐकवलं.

हे गाणं जॉर्ज हॅरिसनचं. आदल्या वर्षी 'नॉर्वेजियन वुड'मध्ये त्यानं सतार वापरली होती, पण तिथे ती गिटारची ओळ सतारीवर वाजवल्यासारखी येते. इथे गाण्याची बांधणीच आपल्या पद्धतीची आहे. सुरुवातीला तालाविना सतारीचे आलाप, मग तबला येतो आणि लय बसते, शेवटी लय द्रुत होत गाणं विरून जातं. हे सगळं तीन मिनिटांत. स्वर काफी थाटाच्या जवळचे. कामचलाऊ नाव 'ग्रॅनी स्मिथ', एका सफरचंदाच्या जातीचं.

तबल्यावर अनिल भागवत. नाव वाचून आपले कान टवकारणारच. लंडनमध्ये अंगडी दांपत्याची एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती. अंगडींनी भागवतांना फोन करून विचारलं, आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्ज नावाच्या कुणाबरोबर वाजवायचंय. न्यायला रोल्स रॉइस आली तेव्हा त्यांना उलगडलं की हा जॉर्ज कोण. भागवतांनीच पुढे सांगितलंय की हॅरिसनला रविशंकरांच्या पद्धतीचा सोळा मात्रांचा ठेका हवा होता, पण आपल्या मनानं वाजवायची मोकळीकही त्यानं दिली. बाहेरच्या वादकांची नावं तेव्हाच्या रेकॉर्डवर सहसा छापत नसत. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर मात्र भागवतांचं नाव तबल्यासह छापलंय.

आपल्याकडे या गाण्याकडे परदेशी मुलांची हौस म्हणून पाहायची सवय आहे. मला ते पटत नाही. सरांनी दुसऱ्यांदा ऐकताना मान डोलवली आणि म्हणाले, "सतार कच्ची आहे, पण तबलजीकडे लक्ष दे. तो स्वतःचं दाखवायला बसलेला नाही, साथ करतोय. शब्द आले की हात आवरतोय, जागा मिळाली की भरतोय." मी विचारलं, "सर, सत्रात याच्याबरोबर वाजवाल?" त्यांनी लगेच होकार दिला. म्हणजे आधी गाणं, मग सरांचा एकट्याचा ठेका, मग पुन्हा गाणं. दुसऱ्यांदा ऐकताना सगळ्यांचे कान तबल्यावर असतील.

१६ एप्रिल

'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' या महिन्यातलीच, पण ती एलपीवर नाहीत, जूनमध्ये एकेरी रेकॉर्ड म्हणून आली. तरी 'रेन' सोडता येत नाही. वाद्यांचा साचा जलद लयीत वाजवून घेतला आणि मग टेपचा वेग उतरवला. वेग उतरला की स्वर उतरतो, शिवाय झांजेचा नाद, तारेची थरथर सगळं जड होतं. ड्रम ओल्या मातीत पडल्यासारखे वाटतात. शेवटी लेननचा आवाज उलटा. 'पेपरबॅक रायटर'मध्ये बेस-गिटारचा आवाज उचलायला मायक्रोफोनऐवजी चक्क एक लाउडस्पीकर उलट्या कामाला लावला होता. मोठा पडदा हवेचे मोठे हेलकावे जास्त चांगले पकडेल, हा तर्क. काकांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी घरी जाऊन करून पाहिली.

२२ एप्रिल

'टॅक्समन'वर थोडक्यात. हॅरिसनचं गाणं, संतापाचं कारण ९५ टक्क्यांचा कर. गिटारवरचा तो धारदार तुकडा मात्र मॅकार्टनीचा, आणि शेवटी ऐकू येतो तो पुन्हा वाजवलेला नाही. त्याच तुकड्याची प्रत करून ती गाण्याच्या शेपटीला जोडली आहे. नीट ऐकलं तर दोन्ही अगदी सारखे.

२८ एप्रिल

'एलिनॉर रिग्बी'. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. बीटल्सपैकी एकानंही कुठलं वाद्य वाजवलेलं नाही. स्वरलेखन जॉर्ज मार्टिन यांचं. चित्रपटांना संगीत देणाऱ्या बर्नार्ड हर्मन यांच्या तुटक, खुपणाऱ्या तंतुवाद्यांचा प्रभाव त्यांनी स्वतः मान्य केला होता.

एमरिकनं इथेही मायक्रोफोन वाद्यांच्या तारांपाशी नेले. शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या मंडळींना ही सवय नव्हती. वाजवताना ते खुर्च्या मागे सरकवत राहिले आणि त्यांना पुन्हा पुढे बोलवावं लागलं. इतक्या जवळून धनुष्याची घासणी, लाकडाला बसलेला धक्का, सगळं ऐकू येतं. सभागृहात बसून व्हायोलिन असं कधीच ऐकू येत नाही. या एलपीच्या २०२२च्या आवृत्तीत या मुद्रणातलं संभाषणही आहे: मार्टिन कंपनासह, म्हणजे तारेवरचं बोट थरथरवून, आणि कंपनाविना असं दोन्ही वाजवून घेतात आणि फरक पटतोय का, ते विचारतात. शेवटी घेतलं ते जवळपास कंपनाविना. कंपन काढून टाकल्यावर गाण्यात ऊब उरत नाही, आणि एकट्या मेलेल्या बाईच्या या गाण्याला ती नकोच होती.

चार ट्रॅकची अडचण इथे उत्तम समजावता येते. आठ वाद्यांनी चारही ट्रॅक भरले, मग गायचं कुठे? चौदावा टेक, म्हणजे चौदाव्यांदा वाजवून घेतलेलं मुद्रण, दुसऱ्या यंत्रावर एकाच ट्रॅकमध्ये उतरवला आणि तो झाला पंधरावा. आता तीन ट्रॅक गायनाला मोकळे, पण तंतुवाद्यांचा आपसातला तोल कायमचा ठरला, आणि प्रत केल्यामुळे टेपची सरसर वाढली. एक व्हायोला नंतर थोडा वर करू, असं म्हणायला वाव नाही. मार्टिन यांना तो निर्णय तिथेच, कानांवर भरवसा ठेवून घ्यावा लागला. लॅपटॉपवाल्या मुलांशी मला सविस्तर बोलायचंय ते याच जागी.

६ मे

'आय अ‍ॅम ओन्ली स्लीपिंग'मधली उलटी गिटार. नुसतं काहीतरी वाजवून टेप उलटी फिरवली असती तर वेळ लागला नसता. हॅरिसननं आधी हवी ती सुरावट ठरवली, ती शेवटाकडून सुरुवातीकडे लिहून घेतली, तशी वाजवली, आणि मग टेप उलटवली. त्यामुळे सुरावट सुलट येते पण प्रत्येक स्वर उलटा, आधी फुगत जाणारा आणि एकदम तुटणारा. दोन थर आहेत, एक स्वच्छ आणि एक फझ लावलेला, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाचा. एवढ्याशा तुकड्याला रात्र गेली.

आम्ही हे पेटीवर करतोय. भूपाच्या आरोहातले चार स्वर, उलट क्रमानं वाजवून, टेप उलटी करून. पेटीचा स्वर भात्यानं धरलेला असल्यामुळे उलटा केल्यावर फारसा बदलत नाही. सतारीवर किंवा गिटारवर, जिथे छेडल्यानंतर स्वर ओसरत जातो, तिथे परिणाम कितीतरी जास्त. म्हणून पेटी आणि सतार दोन्ही ठेवणार.

१२ मे

आज दिवसभर एडीटी, म्हणजे यंत्रानं आवाज दुहेरी करायची युक्ती. लेननला एकच ओळ दोनदा गाऊन आवाज जाड करायचा कंटाळा होता. स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी त्याच वसंतात त्यावर तोड काढली. टेपरेकॉर्डरमध्ये मुद्रण करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. मूळ यंत्राच्या मुद्रण-हेडवरून आवाज थोडा आधी काढून घ्यायचा, दुसऱ्या यंत्रावर मुद्रित करून लगेच वाजवायचा, म्हणजे तो मूळ आवाजाबरोबर जवळपास एकाच वेळी पोचतो. मग दुसऱ्या यंत्राचा वेग हातानं किंचित कमीजास्त करत राहायचं. दोन आवाज काही सहस्रांश सेकंदांनी मागेपुढे सरकत राहतात, आणि एकच गायक दोनदा गायल्यासारखा भास होतो. माणसाच्या हातातली अस्थिरता या युक्तीत महत्त्वाची आहे. अंतर अगदी स्थिर ठेवलं तर नुसता प्रतिध्वनी वाटतो.

काकांकडे तीन हेडचं यंत्र आहे. सत्रात वेग फिरवायची मूठ ते सांभाळणार. मी माझ्याच आवाजात दोन ओळी म्हणणार आहे.

१९ मे

'फॉर नो वन'वर ॲलन सिव्हिल यांचा फ्रेंच हॉर्न. आधीच्या मुद्रणात टेपचा वेग बदललेला असल्यामुळे गाण्याची पट्टी दोन स्वरांच्या मध्ये कुठेतरी पडली होती, त्यामुळे सिव्हिल यांना वाद्य जुळवून घेणंच अवघड गेलं. वरून मार्टिन-मॅकार्टनी यांनी मागितलेला वरचा स्वर हॉर्नच्या नेहमीच्या टापूपलीकडचा. त्यांनी तो लावला. गाणं दोन मिनिटांचं. मध्ये न थांबवता ऐकवायचं.

१ जून

'यलो सबमरीन'चे आवाज. पाण्यानं भरलेलं जुनं टब, त्यात घुसळलेल्या साखळ्या, काचेचे किणकिणाट, आणि मदतीला मित्रमंडळी, त्यांत रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्सही. मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी हा भाग मोकळा ठेवतेय: घमेलं, पाणी, साखळी आणि एक मायक्रोफोन. रिंगोनं सुरुवातीला म्हटलेलं छोटं गद्य त्यांनी काढून टाकलं, ते बरंच झालं.

१७ जून

'गुड डे सनशाइन', 'आय वॉन्ट टू टेल यू', 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर' या तिन्हींसाठी वेगळं प्रात्यक्षिक नको. शेवटच्या गाण्यातले मागचे आवाज तेवढे कान देऊन ऐकायला सांगायचे. त्याच वर्षी आलेल्या बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'चं मॅकार्टनीवरचं गारूड तिथे स्पष्ट कळतं.

२१ जून

शेवटचं गाणं, 'शी सेड शी सेड'. तालीम आणि मुद्रण एकाच बैठकीत. मॅकार्टनी वादावादीनंतर निघून गेला असं त्यानंच सांगितलंय, त्यामुळे बेस बहुधा हॅरिसनचा. दोनच दिवसांनी चौघं म्युनिकला दौऱ्यावर गेले, आणि तबकडीचं नाव जपानात असताना पक्कं झालं. या एलपीतलं एकही गाणं त्यांनी कधी मंचावर वाजवलं नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांची शेवटची तिकिटाची मैफल झाली.

मोनो (सगळा आवाज एकाच वाटेनं) की स्टीरिओ (डावा-उजवा वेगळा), यावर मंडळात बरीच चर्चा झाली. मी मोनोवर ठाम आहे. त्या काळी चौघांनी जातीनं लक्ष घातलं ते मोनोच्या मिश्रणात. स्टीरिओ मागाहून, घाईत झालं. २०२२ची जाइल्स मार्टिन (जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा) यांची आवृत्ती तुलनेसाठी एका गाण्यापुरती घेऊ: संगणकानं एकाच ट्रॅकमधली वाद्यं सुटी करून दाखवलेली. ती ऐकायला स्वच्छ आहे, पण सत्राचा मुख्य आवाज ती होणार नाही.

२७ जून

पत्रकाचा मजकूर लिहिला. शेवटी एक परिच्छेद आपल्या बाजूच्या धाग्याचा: जुलै १९६६मध्ये दौऱ्यावरून परतताना बीटल्सनी दिल्लीत थांबून कॅनॉट प्लेसच्या रिखी राम यांच्या दुकानातून घेतलेली वाद्यं, सप्टेंबरमध्ये हॅरिसननं मुंबईत ताजमध्ये राहून रविशंकरांकडे घेतलेली शिकवणी, आणि जानेवारी १९६८मध्ये मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांसह मुद्रित केलेली 'द इनर लाइट'ची साथ. यावर वेगळं सत्र करायला हवं, तसं मंडळाला कळवलंय.

 तेव्हा वेष्टनावर तंत्रज्ञांची नावं सहसा छापत नसत. आमच्या पत्रकावर चौदा गाण्यांपुढे त्या त्या गाण्यातल्या युक्तीचं नाव आणि ती करणाऱ्याचं नाव छापतोय: जेफ एमरिक, केन टाउनसेंड, टेपचं यंत्र सांभाळणारे फिल मॅकडोनाल्ड, अनिल भागवत, ॲलन सिव्हिल. पेन्सिली धरून उभे राहिलेल्यांसाठी 'ईएमआयचे तंत्रज्ञ' एवढीच ओळ, पण तीही त्याच टायपात. क्लाउस फोरमान यांचं मुखपृष्ठ मोठं करून प्रवेशद्वाराशी.

राहिलेली कामं: दुसऱ्या रेकॉर्डरची हेडं पुसणं, सरांबरोबर एक तालीम, पाच यंत्रांपाशी उभं राहायला मंडळातली पाच माणसं ठरवणं. तिघांनी आजच नावं दिली.